सावली काढा, सावळेपणा काढू नका



फोटोतली नको असलेली सावली सॉफ्टवेअरने कशी काढायची, त्याचा व्हिडिओ चॅनेलवर आहे. कुठला स्लायडर, कुठला ब्रश, मास्क कसा करायचा, ते सगळं त्यात बघून घ्या. इथे बटणांबद्दल लिहीत नाही. साखऱ्यासारख्या गावात फोटो आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान टाकायचा विचार करणाऱ्यांसाठी, आणि घरचा माल मोबाइलवरून विकायला निघालेल्यांसाठी, मी माझं मत लिहितोय.

मत असं आहे: सावली काढायला शिकाच, पण ती कुठे काढायची आणि कुठे हात लावायचा नाही, हे आधी ठरवा. गिऱ्हाईक परत येतं ते या दुसऱ्या गोष्टीमुळे.

सावली म्हणजे काय, एवढं आधी समजून घ्या

सावली म्हणजे डाग नाही. तिथे उजेड कमी पोचलाय, एवढंच. कमी उजेडातही कॅमेऱ्याने थोडं काहीतरी टिपलेलं असतं. फोटोशॉप, लाइटरूम किंवा फुकटातलं स्नॅपसीड यात 'शॅडोज'चा स्लायडर वाढवला की ते टिपलेलं वर येतं. त्याबरोबर दाणे पण वर येतात, कारण अंधाऱ्या भागात माहिती कमी आणि खरखर जास्त असते.

आणि जिथे पूर्ण काळं झालंय, तिथे वर आणायला काहीच नसतं. विहिरीत पाणीच नसेल तर मोटार कितीही मोठी लावा. अशा ठिकाणी एआयचं बटण दाबल्यावर जे दिसतं, ते त्या फोटोतलं नसतं. सॉफ्टवेअरने अंदाजाने रंगवलेलं असतं. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

अर्जाचा फोटो: इथे सॉफ्टवेअर चालतच नाही

नवीन दुकान टाकणाऱ्याची पहिली कमाई बहुतेक पासपोर्ट साइज फोटोची असते. मागच्या भिंतीवर कानाची सावली, हनुवटीखाली काळं, डोळ्यांच्या खोबणीत अंधार. मग तो कॉम्प्युटरवर बसून ते पुसत राहतो.

आता नियम काय सांगतात बघा. परदेशातल्या भारतीय दूतावासांनी २०२५ पासून पासपोर्टच्या फोटोसाठी आंतरराष्ट्रीय निकष लावलेत. फोटो ६३० बाय ८१० पिक्सेल, चेहरा फोटोच्या ८० ते ८५ टक्के, पाठीमागे पांढरं, चेहऱ्यावर सावली नको. आणि त्याच यादीत आहे की फोटोत सॉफ्टवेअरने बदल केलेला नको. दोन्ही अटी एकत्र वाचा. सावली पण नको आणि ती पुसलेली पण नको. म्हणजे ती पडूच द्यायची नाही, एवढाच रस्ता उरतो.

तुम्ही म्हणाल, गावात दूतावासाचा फोटो कोण काढतंय? बरोबर आहे. आपल्याकडे पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो तिथेच काढतात, फक्त चार वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो सोबत न्यावा लागतो. पण भरतीच्या अर्जांचं बघा. स्टाफ सिलेक्शन कमिशनने २०२४ पासून अर्ज भरताना तयार फोटो अपलोड करायच्या ऐवजी कॅमेऱ्यासमोर तिथल्या तिथे फोटो घ्यायला सुरुवात केली. पोरगं तुमच्या काउंटरवर बसलंय, वेबकॅम चालू आहे, आणि डोक्यावर ट्यूबलाइट. तिथे फोटोशॉप काय करणार? ज्याच्या काउंटरवर उजेड नीट आहे, त्याचं काम एका झटक्यात होतं.

उजेडाचा हिशोब

माणसाला भिंतीपासून चार-पाच फूट पुढे बसवा, म्हणजे त्याची सावली भिंतीवर जातच नाही. दोन्ही बाजूंना, डोळ्यांपेक्षा थोडे वर, एकाच रंगाचे दोन एलईडी लावा. एक पिवळा आणि एक पांढरा लावला की अर्धा चेहरा हळद लावल्यासारखा दिसतो. मांडीवर थर्माकोलचा पांढरा तुकडा ठेवला की हनुवटीखालची सावली जाते. छताची ट्यूब बंद करा, खास करून ती पंख्याच्या वर असेल तर. आणि लाईट गेली तर? माणसाला शटरच्या आत दोन फूट, तोंड रस्त्याकडे करून बसवा. ऊन अंगावर नको, नुसता उजेड हवा. इतका मऊ उजेड विकत मिळत नाही.

आता पैशात बघू. समजा एका गिऱ्हाइकाचे तुम्ही ५० रुपये घेता. सावली पुसत बसलात आणि एकाला १५ मिनिटं लागली, तर तासाला ४ जण, म्हणजे २०० रुपये. सावली पडलीच नाही आणि काम ५ मिनिटांत झालं, तर तासाला १२ जण, ६०० रुपये. कागद-शाईचा खर्च दोन्हीकडे माणशी तेवढाच. रोज बारा जण येणार नाहीत हे मलाही माहीत आहे. पण दहावी-बारावीच्या निकालानंतर आणि भरती निघाल्यावर सगळे एकदमच येतात. तेव्हा रांगेतला सहावा माणूस उठून शेजारच्या दुकानात जातो. महागडं सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी दोन एलईडी आणि एक थर्माकोल घ्या, असं मी का म्हणतो ते आता लक्षात आलं असेल.

हळदीचं पाकीट: सावलीबरोबर रंग जातो

आपला हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बचत गटाच्या ताई, शेतकऱ्यांची पोरं पावडर पॅक करून व्हॉट्सॲपवर आणि वेबसाइटवर विकायला लागलीत. चांगली गोष्ट आहे. पण फोटो कुठे काढतात? अंगणात, निळ्या ताडपत्रीखाली.

निळ्या ताडपत्रीतून येणारा उजेड निळा असतो. त्यात हळद हिरवट आणि मळकट दिसते. मग सावली उचलायला शॅडोज वाढवला की तो निळेपणा पण वाढतो. तो घालवायला पिवळा वाढवला, की हळद अशी भडक होते की जगात कुठेच तशी नसते. ऑर्डर येते, पाकीट उघडलं जातं, आणि ताईंना फोन येतो: "फोटोत वेगळी होती की हो!" हळदीच्या धंद्यात रंग म्हणजेच भरवसा. भेसळवाले रंग मिसळून हळद पिवळीधमक करतात, हे गिऱ्हाइकालाही माहीत असतं. तुमची हळद शुद्ध, आणि फोटो भेसळीचा. असं का करायचं?

उपाय साधा आहे. फोटो काढताना मालाशेजारी एक पांढरा कोरा कागद ठेवा. एडिटिंगमध्ये 'व्हाइट बॅलन्स'चा ठिपका त्या कागदावर टेका, कागद पांढरा झाला की हळद आपोआप खऱ्या रंगावर येते. नंतर कागद कापून टाका. शेवटी खरं पाकीट स्क्रीनशेजारी धरून बघा.

आणखी एक. पाकिटाच्या बुडाशी जी बारीक सावली असते, ती पुसू नका. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते, म्हणून लोक सगळंच पांढरं करतात आणि पाकीट हवेत तरंगायला लागतं. बुडाची हलकी सावली वस्तूला वजन देते. पाकिटावर पडलेली तुमच्या मोबाइलची आणि हाताची सावली मात्र काढलीच पाहिजे.

हा फक्त सौंदर्याचा प्रश्न नाही. २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम विक्रेत्याला सांगतात की जाहिरात वस्तूच्या खऱ्या गुणांशी जुळली पाहिजे. फोटो ही पण जाहिरातच आहे.

माणसाचा फोटो: इथे खरी परीक्षा

गावातल्या दुकानात दोन कामं सारखी येतात. एक, लग्नाच्या बायोडाटाचा फोटो. दुसरं, घरातलं कुणी गेलं की फ्रेमचा आणि श्रद्धांजलीच्या बॅनरचा फोटो.

बायोडाटाच्या वेळी आई म्हणते, "दादा, पोरीच्या तोंडावरची सावली काढा जरा." तुम्ही सावली काढता. मग ती म्हणते, "अजून थोडी." दुसऱ्यांदा जे काढायला सांगितलंय ती सावली नाही, तो त्या मुलीचा रंग आहे. इथे थांबायचं. सावलीला कडा असते, ती नाकाच्या एका बाजूला असते, मानेखाली असते, एका दिशेने पडलेली असते. रंग गालावर, कानावर, हातावर सगळीकडे सारखा असतो. दोन्ही गाल एकसारखे दिसायला लागले की सावलीचं काम संपलं. त्यापुढे जे चालतं त्यात तुम्ही त्या मुलीला सांगताय की तू आहेस तशी चालणार नाहीस. आणि पाहुणे घरी आल्यावर फोटो आणि माणूस यातला फरक तिलाच सोसावा लागतो, तुम्हाला नाही.

श्रद्धांजलीचं काम त्याहून नाजूक. म्हाताऱ्या माणसाचा एकच फोटो असतो, तोही शेतात भर दुपारी काढलेला. ऊन डोक्यावर, टोपीची सावली कपाळापासून नाकापर्यंत, डोळे अंधारात. पोरगा म्हणतो, "बाबाचे डोळे दिसू द्या."

अशा वेळी पहिलं काम, मूळ फोटो मागा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दबतो आणि अंधारातलं बारीक काही उरत नाही, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मग फक्त सावलीच्या भागावर मास्क करून थोडं-थोडं उचला. उन्हातली सावली आकाशाच्या उजेडाने निळसर असते, म्हणून उचललेल्या भागाला किंचित उबदार करा, नाहीतर चेहरा आजारी दिसतो. डोळे आले तर उत्तम. पूर्ण काळे असतील तर स्पष्ट सांगा की यात डोळे नाहीत, मतदान कार्डाचा, पासबुकचा, कुणाच्या लग्नातला दुसरा फोटो शोधा. एआयने डोळे बसवता येतात, एका मिनिटात येतात. पण ते त्या बाबाचे नसतात. घरातली माणसं रोज ज्या फ्रेमला हार घालणार, त्यात परक्याचे डोळे बसवायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

"पण गिऱ्हाइकालाच तसं हवं असतं"

प्रत्येक बॅचमध्ये हे कुणीतरी म्हणतंच. दुसरा म्हणतो, जुने स्टुडिओवाले पण करायचेच की! खरं आहे. रीळच्या काळात निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून डोळ्यांखालची सावली फिकी करायचे. निगेटिव्हवर सावलीचा भाग पारदर्शक असतो, तिथे पेन्सिल लागली की प्रिंटमध्ये तो उजळ यायचा. पण त्या माणसाला तासभर हातानं काम करावं लागायचं, आणि पेन्सिलीने नवा चेहरा बनत नव्हता. आज बनतो, म्हणून मर्यादा आपणच घालायची.

गिऱ्हाइकाला काय हवं हे मी नाकारत नाही. आपण दुकान टाकलंय, प्रवचन नाही. पण शेजारच्या दुकानात पण तेच ॲप आहे, तेच बटण आहे. बटण दाबायचे पैसे हळूहळू कुणीच देणार नाही. "हे होईल, हे होणार नाही" असं खरं सांगणाऱ्याचे पैसे लोक देतात.

म्हणून एका कागदावर एवढं लिहा आणि काउंटरवर लावा:

१. अर्जाच्या फोटोत एडिटिंग होणार नाही, फोटोच नीट काढून मिळेल.
२. मालाच्या फोटोत रंग मालाचाच राहील.
३. माणसाच्या फोटोतली सावली काढू, रंग आणि चेहरा बदलणार नाही.
४. मूळ फोटो जपून ठेवू. मूळ आणि तयार फोटो शेजारी-शेजारी दाखवू, तुम्ही हो म्हणाल तेव्हाच प्रिंट.
५. सावली काढण्याचे पैसे वेगळे, किती ते आधी सांगू.

पाचवा नियम शेवटी आहे, पण तो विसरू नका. अर्ध्या तासाचं काम "असू द्या हो" म्हणून फुकट दिलं, की पुढच्या वेळी ते फुकटच मागतात.

आपल्या भाषेत फोटोला छायाचित्र म्हणतात. त्यात छाया आहेच. सगळी पुसली तर नाक, गाल, हनुवटी काहीच उठून दिसणार नाही, नुसतं पांढरं पीठ. थोडी राहू द्या.