दूध आटेपर्यंत

आमच्या सोसायटीत कोजागरीचं मसाला दूध मधली दोन वर्षं केटररकडून आलं. आठ वाजता थर्मास आले, कागदी पेले वाटले गेले आणि नऊच्या आत गच्ची रिकामी झाली. दुधात काही उणं नव्हतं. केशर होतं, चारोळी होती. तरी गेल्या वर्षी तळमजल्यावरच्या काकू हट्टाला पेटल्या. ‘‘दूध वरच आटवायचं. शेगडी माझी.’’

पंधरा लिटर दूध आटायला दोन तास सहज लागतात आणि तेवढा वेळ कुणीतरी ढवळत उभं राहावं लागतं. एकाचा हात भरून आला की दुसरा डाव हातात घेतो. लिफ्टमध्ये तीन वर्षं ज्यांच्याशी माझं नुसतं ‘काय, बरं ना?’ एवढंच चाललं होतं, ते चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ पुढे आले. पातेल्यात डोकावले आणि म्हणाले, ‘‘एक जाड बशी आणा. उपडी सोडू आत.’’ बशी खडखडायला लागली. ती वाजतेय तोवर दूध तळाला लागत नाही, म्हणाले. वडिलांचं नरसोबाच्या वाडीला बासुंदीचं दुकान होतं, हे त्या रात्री कळलं. मग वाडीचा विषय निघाला, कृष्णेच्या पुराचा निघाला. जायफळ किसून होईपर्यंत नववीतल्या एका मुलाला गणित शिकवायचं त्यांनी कबूलही केलं होतं.

तेव्हापासून मला वाटतं, माणसं जवळ यायला स्टेज आणि माइक लागत नाहीत. हाताला थोडं काम आणि गप्पांना भरपूर वेळ लागतो. उन्हाळ्यात गच्चीवर पापड लाटणाऱ्या बायका, गणपतीच्या मखराला रात्री जागून रंग देणारी पोरं, भोंडल्याची खिरापत ओळखता ओळखता रंगणारा फेर, या सगळ्यांत तेच होतं.

जागाही हवी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, म्हणून अर्धा संसार बाहेरच्या लांबलचक पॅसेजमध्ये. तिथेच अभ्यास, तिथेच कॅरम, तिथेच आजारी माणसाची विचारपूस. आता पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत आणि ती मिळायलाच हवी होती. सकाळी सार्वजनिक नळापाशी आणि संडासाच्या रांगेत आयुष्य काढलेल्यांना चाळीच्या आठवणींचे गोडवे कुणी ऐकवू नयेत. पण नव्या इमारतींचे नकाशे काढताना दोन दारांच्या मध्ये बसायला चार हात जागा का सुटू नये? पार्किंगचा हिशेब इंचाइंचाने होतो. बाकड्याची आठवण मात्र कुणालाच होत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आपले दिवाळी अंकही शेजारावरच वाढले. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली. पुढे चाळीत एक अंक यायचा आणि दहा घरं फिरायचा. चकलीचे तेलकट डाग पडलेला, कोपरे दुमडलेला, कुणीतरी शब्दकोडं अर्धं सोडवून ठेवलेलं. संपादक म्हणून विक्रीची चिंता मलाही असते, तरी सांगते, हा अंक वाचून झाला की शेजारी द्या. आणि दारातूनच परतू नका, घटकाभर बसा.



हे लिहीत असताना कोजागरी तोंडावर आली आहे. दूध सांगून झालंय. शेगडी काकूंची, बशी चौथ्या मजल्यावरून येणार आहे.