खुली प्रणाली, बंद दार : कॅरीच्या अंगणातला लिनक्सचा पेच

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित सुरक्षा-अद्यतन थांबवले आणि घरोघरच्या जुन्या, पण धडधाकट गेमिंग लॅपटॉपांचा प्रश्न ऐरणीवर आला. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. वैयक्तिक ग्राहकांना दिलेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. अशा वेळी यंत्र मोडीत काढण्याऐवजी लिनक्सकडे वळण्याचा विचार स्वाभाविकच होय.

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू उत्तर कॅरोलिनातील कॅरीच्या परिसरात एकवटल्या आहेत. शेजारच्या रॉलीत रेड हॅटचे मुख्यालय आहे. फेडोरा ही मुक्तस्रोत प्रणाली तिच्याच आश्रयाने वाढली. खुद्द कॅरीत 'फोर्टनाइट'च्या निर्मात्या एपिक गेम्सचे मुख्यालय आहे, आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाही.

हा अडथळा तांत्रिक असमर्थतेचा नाही. व्हॉल्व्हने २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉनमुळे विंडोजसाठी लिहिलेले असंख्य खेळ लिनक्सवर उत्तम चालतात. २०२२ च्या स्टीम डेकने ते सर्वसामान्यांच्या हाती दिले. फसवणूक रोखणारी 'ईझी अँटी-चीट' ही एपिकच्याच मालकीची यंत्रणा २०२१ पासून लिनक्स व प्रोटॉनलाही साथ देते. मात्र ती सुविधा सुरू करायची की नाही, हे प्रत्येक खेळाचा निर्माता ठरवतो. एपिकने स्वतःच्या खेळासाठी ती सुरू केली नाही. लिनक्सचा गाभा कोणालाही बदलता येतो, त्यामुळे तिथे फसवणूक आवरणे कठीण, ही प्रमुख टिम स्वीनी यांची भूमिका आहे. ती निराधार म्हणता येत नाही. 'एपेक्स लेजेंड्स'ने तर चालू असलेला लिनक्सचा प्रवेश २०२४ मध्ये याच कारणास्तव बंद केला.

तरीही या युक्तिवादाची दुसरी बाजू नजरेआड होऊ नये. प्रणालीच्या गाभ्यापर्यंत पोहोचणारा पहारेकरी ज्या लॅपटॉपवर बसतो, त्याच लॅपटॉपवर आपण बँकेचे व्यवहार करतो, व्हिसाची कागदपत्रे ठेवतो. खेळाच्या शुचितेसाठी यंत्राचा किती ताबा द्यायचा, हा निर्णय ग्राहकाने जाणूनबुजून घ्यायला हवा.

म्हणूनच 'कोणते लिनक्स?' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न 'कोणते खेळ?' हा. घरातील मुले मित्रांसह फोर्टनाइटच खेळत असतील, तर कोणतीही लिनक्स प्रणाली ती उणीव भरून काढणार नाही. जीफोर्स नाऊसारख्या सेवेवरून ब्राउझरमध्ये खेळणे, किंवा वेगळ्या ड्राइव्हवर केवळ खेळापुरते विंडोज ठेवून बाकी सारे व्यवहार लिनक्सवर करणे, हे दोन मार्ग उरतात.

यादीत एकट्याने खेळायचे खेळच अधिक असतील, तर निवड सोपी होते. व्हॉल्व्हची स्टीमओएस मुख्यतः एएमडीच्या ग्राफिक्सवर बेतलेली असल्याने एनव्हिडियाच्या लॅपटॉपांसाठी ती सोयीची नाही. तिथे फेडोरावर आधारलेली बॅझाइट अधिक उपयुक्त ठरते. अद्यतन बिघडले, तर संगणक सुरू करतानाच मागील आवृत्तीकडे परतता येते. ज्यांना खेळाहून दैनंदिन काम महत्त्वाचे, त्यांना लिनक्स मिंट जवळची वाटेल. एक पथ्य मात्र अवश्य पाळावे : एनव्हिडियाची मुक्तस्रोत कर्नल मॉड्यूल्स ट्युरिंग आणि त्यापुढील पिढ्यांसाठीच आहेत. जीटीएक्स १० मालिकेच्या कार्डांना जुनाच बंदिस्त ड्रायव्हर लागतो. तेव्हा कार्डाची पिढी तपासावी, पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून वाय-फाय, आवाज आणि झाकण मिटल्यावरची निद्रावस्था पारखावी, आणि मगच जुनी डिस्क पुसावी.

स्टीमच्या सर्वेक्षणात लिनक्सच्या वापरकर्त्यांचा वाटा ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रथमच तीन टक्क्यांपलीकडे गेला. हा आकडा लहान खरा. पण कंपन्यांची धोरणे बहुधा तत्त्वापेक्षा संख्येपुढे झुकतात. कॅरीतले ते दार उघडायचे असेल, तर ही संख्या वाढावी लागेल.