भंगारातली नळी, शेतातली नळी



ठिबकची नळी आपण मीटरवर घेतो आणि फाटली की किलोवर विकतो. भंगारातून तीच नळी वितळून पुन्हा बाजारात येते. 'रीसायकलचा माल म्हणजे कचरा' म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही आणि स्वस्त म्हणून डोळे मिटून घेण्यातही नाही.

कापूसवाल्यांना सांगायला नको, लांब धाग्याचे सूत टिकते, आखूड धाग्याचे तुटते. प्लास्टिकही असेच लांब साखळ्यांचे असते. ऊन आणि प्रत्येक वितळणे या साखळ्या तोडते. म्हणून कारखान्यात पूरक द्रव्ये मिसळतात. वितळताना साखळ्या तुटू नयेत म्हणून अँटिऑक्सिडंट, उन्हाला अडवायला सुमारे अडीच टक्के कार्बन ब्लॅक. नळीचे पॉलिथिलीन आणि खताच्या पोत्याचे पॉलिप्रॉपिलीन तेल-पाण्यासारखे फटकून राहतात. त्यांना बांधायला जोडद्रव्य लागते.

पण औषधालाही मर्यादा असते. वर्षानुवर्षे उन्हात कडक झालेल्या नळीला ते पुन्हा तरुण करीत नाही. त्यात पीव्हीसीचा तुकडा गेला तर तापल्यावर आम्ल सुटते आणि सगळा घाणा बिघडतो. काही जण वजन वाढवायला खडूची भुकटी भरतात. ती जास्त झाली की नळी ठिसूळ होते. नुसता काळा रंग ही मजबुतीची खूण नव्हे.

आपल्याच रेल्वेमार्गावर जळगावला टाकाऊ प्लास्टिकपासून चटया विणण्याचा मोठा धंदा उभा आहे. म्हणजे जुन्या मालाला किंमत आहे. निवडलेल्या मालाला जास्त आहे. मग निवडणीचा पैसा भंगारवाल्यानेच का घ्यावा?

गावोगावच्या शाखांनी तीन कामे धरावीत. नळी, पोती आणि पीव्हीसी वेगवेगळे ठेवावे, माती झटकून एकत्र विकावे. पिकाला पाणी देणारी नळी घेताना आयएस १२७८६ ची खूण आणि पक्के बिल मागावे. आणि तिसरे, रीसायकल केलेल्या प्लास्टिक पिशवीवर तसे छापण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी घातले. बाजाराच्या पिशवीला जो न्याय, तो शेताच्या पाइपलाही मिळावा, हा ठराव जिल्हा बैठकीत घ्यावा.

ऐन फुलपात्यांत नळी फुटली तर बुडते ते पीक आपले असते. म्हणून नळीत काय घातले आहे, हे विचारण्याचा हक्कही आपलाच.