कट-कट, कट-कट

गाडीला आवाज लागला की माणसाची झोप उडते. माझी महिनाभर उडाली होती. सेकंड हँड हॅचबॅक, ईएमआय चालू, आणि पुढच्या डाव्या चाकाकडून कट-कट, कट-कट. पहिले पंधरा दिवस मी एफएमचा आवाज वाढवला. (हसू नका, तुम्हीही हेच करता.)

शेवटी वर्कशॉप गाठलं. एसी, फुकट कॉफी आणि हातात एस्टिमेट: पुढचे दोन्ही शॉकर, लेबरसकट 14,000. ‘नक्की शॉकरच का?’ असं विचारलं, तर सुपरवायझर म्हणतो, ‘मॅडम, घरी कुणी जेन्ट्स असतील तर त्यांना फोन करायला सांगा, मी समजावतो.’

फ्रीलान्सरला 14,000 म्हणजे काय ते सांगायला नको. पण शप्पथ, पैशांपेक्षा ते ‘जेन्ट्स’ जास्त लागलं. गाडी तशीच परत आणली.

आमच्या सोसायटीतले एक काका भोसरीच्या कारखान्यात आयुष्य काढून रिटायर झालेत. त्यांनी एकच विचारलं, ‘स्पीडब्रेकर सरळ घेतलास तर वाजतं का?’ आठवून पाहिलं. नाही! एकच चाक खड्ड्यात गेलं की वाजतं. ‘मग आधी लिंक रॉड बघ.’

तर प्रकरण असं. डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एक पोलादी दांडी आडवी जाते, अँटी-रोल बार. वळणावर गाडी एका अंगाला कलायला लागली की ही दांडी पिळली जाते आणि कलणं आवरते. तिची दोन टोकं चाकांकडच्या सस्पेन्शनला जोडणाऱ्या वीतभर काड्या म्हणजे लिंक रॉड. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर दांडी नुसती फिरते, पीळ बसत नाही. एकच उचललं की सगळा ताण त्या काड्यांवर. त्यांच्या टोकाला बॉल जॉइंट असतात. रबर फाटलं, ग्रीस वाळलं, की वाजायला लागतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून मी चाकामागे हात घातला आणि काडी हलवली. कट-कट. शॉकर मात्र कोरडा ठणठणीत! तो गेला की बहुतेक वेळा तेल ओघळलेलं दिसतं.

नाना पेठेतून जोडी आणली, 1,600 रुपये. एकच बदलू नये, दुसरी त्याच वयाची असते.

रविवारी पार्किंगमध्ये मुहूर्त. नट काही सुटेना. म्हणजे फिरत होता, पण आतला बोल्टही त्याच्याबरोबर गरागरा. तो धरायला बोल्टच्या टोकाला ॲलन कीचं भोक असतं, त्यात आठ पावसाळ्यांचा चिखल. सेफ्टी पिनने तो उकरला, डब्ल्यूडी-40 मारलं, चहा घेतला. उजवीकडचा सुटला. डावीकडच्याचं भोकच झिजलं. मग हॅक्सॉ. पाऊण तास! पहिल्या मजल्यावरून सल्ले येत होते, त्यांचा उल्लेख टाळते.

नवी काडी लावताना पुढचा घोळ. बोल्ट भोकात जाईचना. काका हसले. मी गाडी एकाच बाजूने उचलली होती, म्हणजे दांडीला पीळ. दुसरीही बाजू उचलली, दोन्हीकडे जॅकस्टँड लावले (नुसत्या जॅकवर विसंबून हात घालायचा नाही, हा काकांचा नियम), आणि बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा गेला. नट नवे, टॉर्क रेंच काकांचा, आकडा मॅन्युअलमधला. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या वाटेला मी कधी जाणार नाही, पण हे जमलं.

संध्याकाळी मुद्दाम त्याच गल्लीतून गेले. डावं चाक नेम धरून खड्ड्यात घातलं. धप्प. फक्त धप्प.

सोमवारी वर्कशॉपचा फोन. ‘मॅडम, शॉकरचं काय ठरलं?’

‘लिंक रॉड गेले होते. बदलले मी.’

दोन सेकंद शांतता. ‘अच्छा. मग सर्व्हिसिंगची तारीख टाकू का?’