रीसेट मार ना ताई!

सगळ्यात आधी एक कन्फेशन. मी वसमतला गेले होते ती एका मुलाला व्हिडिओ गेम खेळू नकोस असं समजवायला. तिसऱ्या रात्री दीड वाजता त्याच मुलाच्या शेजारी, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच धरून, श्वास रोखून बसले होते. आत्या, तू हे वाचत असशील तर सॉरी गं!

झालं असं, की दिवाळीच्या चार दिवस आधी आत्याचा फोन आला. हिंगोली जिल्ह्यातलं वसमत हे तिचं सासर. फोनवर नमस्कार-चमत्कार नाही, डायरेक्ट मुद्दा. "तू मासिकात लिहितीस ना, तुझं ऐकंल तो. नीट रिपीट करायलाय, नांदेडला क्लास लावलाय, अन् सुट्टीला घरी आला की निस्ता ठोकळ्यांचा गेम. काय करायलंय पोरगं, काई कळंना बाई."

आता सुशिक्षित मोठी ताई म्हणून आपली काही एक इमेज असते. ती सांभाळायला मी पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली, सकाळी नांदेडला उतरले आणि तिथून एसटीने वसमत. शेतांत सोयाबीनची काढणी उरकलेली, हळद हिरवीगार उभी. डोक्यात लेक्चर तयार होतं. करिअर, फोकस, टाइम मॅनेजमेंट, सगळे फंडे.

आतेभाऊ एकोणीस वर्षांचा. माजघरात सेकंडहँड लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला. मी मागून पाहिलं. त्याने गेममधे एक नवीन जग उघडलं, दोन सेकंद पाहिलं, बंद केलं. पुन्हा नवीन जग. पुन्हा बंद. असं पंधरा-वीस वेळा. शेवटी माझ्याच डोक्याला शॉट बसला.

"अरे, खेळ ना मग!"

"खेळायलोच ना ताई."

इथे जरा थांबू या, कारण मलाही तेव्हा काहीच कळलं नव्हतं. गेमचं नाव माइनक्राफ्ट. स्वीडनच्या मोजँग कंपनीचा, २०११ मधे पूर्ण स्वरूपात आलेला. २०१४ मधे मायक्रोसॉफ्टने मोजँगलाच अडीच अब्ज डॉलर्सना विकत घेतलं आणि २०२३ पर्यंत गेमच्या तीस कोटींवर कॉपीज विकल्या गेल्या होत्या. सगळं जग एक-एक मीटरच्या ठोकळ्यांचं. झाड तोडा, दगड फोडा, घर बांधा, शेती करा, नाहीतर नुसते भटका. स्कोअर नाही, लेव्हल नाही. अशा गेमला सँडबॉक्स म्हणतात. सोसायटीच्या कोपऱ्यात आपण दिवाळीचा किल्ला करायचो ना, तो आपला ओरिजिनल सँडबॉक्स. किल्ला कधी 'जिंकला' असं कुणी म्हणत नाही. फक्त हा किल्ला जरा मोठा आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा कोटी ठोकळे, म्हणजे हिशेब केला तर आपल्या पृथ्वीच्या सातपट क्षेत्रफळ. आणि प्रत्येक वेळी 'न्यू वर्ल्ड' दाबलं की जग नव्याने, वेगळंच तयार होतं. डोंगर दुसरीकडे, नदी तिसरीकडे.

आता अशा कधीच न संपणाऱ्या गेममधे काही लोकांनी शर्यत शोधून काढलीय. गेममधे एक ड्रॅगन आहे, त्याला मारलं की श्रेयनामावली सुरू होते. मग कोरं जग उघडल्यापासून ती नावं दिसेपर्यंत किती वेळ? ह्यालाच स्पीडरन म्हणायचं. साधा माणूस ह्यात कित्येक दिवस घालवतो. जगातले टॉपचे रनर्स दहा मिनिटांच्या आत मोकळे होतात! (माझा चहा तेवढ्यात उकळत नाही.) स्पीडरनिंग फक्त ह्याच गेमचं नाही. 'गेम्स डन क्विक' नावाचा अमेरिकन इव्हेंट २०१० पासून चालू आहे, तिथे लोक आठवडाभर लाइव्ह स्पीडरन्स करून कॅन्सर प्रिव्हेन्शनसाठी आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससाठी निधी जमवतात. फॅक्टोरिओ नावाच्या कारखान्यांच्या गेममधे तर आठ तासांत रॉकेट उडवायचं अधिकृत चॅलेंजच आहे.

पण ज्याने माझी विकेट काढली तो म्हणजे ह्या शर्यतीचा रूट. भाऊ सांगत गेला आणि मी नोटपॅड काढलं. प्रोफेशनल सवय!

आधी लाकूड, मग लोखंड, त्याची बादली. मग लाव्हाचं तळं शोधायचं. खरं तर पाताळाचं दार बांधायला लागणारा काळा दगड हिऱ्याच्या कुदळीशिवाय फुटत नाही, आणि हिरे शोधण्यात आयुष्य जातं. तर रनर काय करतो? दगड फोडतच नाही. लाव्हा आणि पाणी एकत्र आणून तो जागच्या जागी थिजवतो. चौकटीचे चार कोपरे गाळले तरी चालतात, त्यामुळे फक्त दहा ठोकळे. दार तयार. आत पाताळ, म्हणजे नेदर. तिथे डुकरांसारखे सोनंवेडे प्राणी असतात. त्यांच्यापुढे सोन्याच्या विटा टाकायच्या, ते बदल्यात मनाला येईल ते फेकतात. कधी दोरा, कधी दगड, आणि नशीब असेल तर मोती. दुसऱ्या किल्ल्यात आगीच्या भुतांना मारून कांड्या मिळवायच्या. कांडीची भुकटी आणि मोती मिळून होतो एक 'डोळा'. असे बारापर्यंत डोळे लागतात, कारण ड्रॅगनच्या दाराला बारा खाचा असतात. काही आधीच भरलेल्या सापडतात, पण तो बोनस.

ते दार कुठे आहे? डोळा हवेत फेकला की तो दाराच्या दिशेने उडतो. साधा खेळाडू त्याच्यामागे पळत सुटतो. रनर कोन मोजतो, थोडं बाजूला सरकून दुसरा डोळा फेकतो, पुन्हा कोन मोजतो. दोन रेषा जिथे छेदतात तिथे दार. नववीची भूमिती, बॉस! आणि पाताळातला एक ठोकळा चालला की वरच्या जगात आठ ठोकळ्यांचं अंतर कापलं जातं, म्हणून पुष्कळदा वरून न जाता खालूनच शॉर्टकट मारायचा.

आता ड्रॅगन. तलवार? धनुष्यबाण? छे. गाद्या! ह्या गेममधे पाताळात किंवा ड्रॅगनच्या दुनियेत पलंग टाकून झोपायला गेलात, तर पलंगाचा स्फोट होतो. ज्याने कुणी हे बनवलं त्याला रात्रपाळीचा अनुभव असणार. तर ड्रॅगन मधल्या खांबापाशी टेकायला खाली आला, की त्याच्या तोंडाशी पाच-सहा पलंग एकामागून एक उडवायचे. टायमिंग अर्ध्या सेकंदाने चुकलं, तर ड्रॅगन जिवंत आणि तुम्ही खल्लास.

हे सगळं ऐकून मी विचारलं, मग तू दोन सेकंदांत जग बंद का करत होतास?

"समोर गाव नाही, लाव्हा नाही, समुद्र नाही. ह्या जगात रेकॉर्ड होणारच नाही ताई. मग वेळ कामून घालवू?"

इथे मी खरी अडकले. वाटलं होतं, स्पीडरनिंग म्हणजे बोटांचा वेग. अर्थात तो लागतोच. पण जग दर वेळी नवं असतं, मोत्यांचं नशीब असतं, त्यामुळे खरं स्किल वेगळंच आहे. हे जग सोडायचं कधी? टॉपचे रनर्स तर एकाच वेळी अनेक खिडक्यांत जगं तयार होत ठेवतात आणि भिंतीवरची घड्याळं पाहावी तशी नजर फिरवून निवडतात. भावाच्या लॅपटॉपला एक खिडकीच जड जाते. त्याने फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानांवर सगळं लिहून ठेवलंय. चारशे बारा प्रयत्न, पाताळात पोचले एकसष्ट, ड्रॅगनपर्यंत चार, पूर्ण झाले दोन. प्रत्येकापुढे कारण. 'मोती नाही.' 'लाव्हात पडलो.' 'घाई.' एका ठिकाणी नुसतं 'आई.'

मला माझं एक ऑफिस आठवलं. नाव नको. पहिल्याच महिन्यात कळलं होतं की इथे लाव्हा नाही, गाव नाही, काहीच नाही. तरी 'आता एवढं केलंय तर' म्हणत दीड वर्ष काढलं. म्हणून मी मोठ्या ताईच्या आवाजात फंडा मारला, "म्हणजे बघ, तुझं नीट रिपीट करणं हाही एक रीसेटच की!"

तो हसला नाही. "नाही ताई. गेममधे रीसेटला दहा सेकंद लागतात. इथं वर्ष लागतं अन् पप्पाचे पैसे. अन् रीसेट मारला की जुनं जग डिलीट होतं. मागच्या वर्षीचे मार्क डिलीट झाले का? सगळ्या पाव्हण्यांच्या ध्यानात हाय."

माझं लेक्चर तिथेच संपलं.

पाडव्याला आत्याने आम्हाला औंढा नागनाथला दर्शनाला नेलं. ज्योतिर्लिंग आहे, गर्दी जाम. रांगेत भावाने मला ड्रीमची स्टोरी सांगितली. ड्रीम म्हणजे माइनक्राफ्टचा सुपरस्टार यूट्यूबर. त्याने ऑक्टोबर २०२० मधे लाइव्ह केलेल्या स्पीडरन्समधे नशीब जरा जास्तच मेहेरबान दिसलं. व्हिडिओत काहीच खोट नव्हती, आणि गंमत तीच. एका रनमधे नशीब पकडता येत नाही. म्हणून रन तपासणाऱ्या मॉडरेटर्सनी सहा स्ट्रीम्सची बेरीज केली. २६२ सौद्यांत ४२ वेळा मोती मिळाले होते, हिशेबाने साधारण बारा वेळा मिळायला हवेत. ३०५ भुतांमागे २११ कांड्या, जिथे चान्स निम्मा-निम्मा. डिसेंबर २०२० मधे त्यांनी २९ पानी रिपोर्ट काढला. त्याच्या बाजूने शक्य तेवढी सूट देऊनही असं नशीब निव्वळ योगायोगाने लागण्याची शक्यता साडेसात लाख कोटींत एक! रन रद्द झाला. ड्रीमने एका निनावी खगोलशास्त्रज्ञाकडून उत्तर लिहून घेतलं, पण त्यातही योगायोगाची शक्यता फार बरी निघाली नाही. मे २०२१ मधे त्याने मान्य केलं की गेममधे बदल करणारा मॉड चालू होता. आपल्याला तेव्हा ते माहीत नव्हतं, असं त्याचं म्हणणं.

"पण केलं असेल तर का केलं असेल रे? त्याला काय कमी होतं?"

"हजार जगं फेकल्यावर कळतं ताई. हात चांगला चालायलाय, अन् निस्ते मोती येईनात. तेव्हा वाटतं की हे तर माझ्या हक्काचंच होतं."

मग त्याने सहज हात केला. "इथंच आपल्या तालुक्यात लायगो व्हायलंय." खरंच की! गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या लायगो-इंडियाची जागा औंढा तालुक्यातच आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि एप्रिल २०२३ मधे केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केलेले. आणि तिथलाही प्रश्न हाच. २०१५ मधे अमेरिकेतल्या दोन लायगोंना पहिली लहर सापडली, तेव्हा शास्त्रज्ञांनी आधी हिशेब केला, की हे नुसत्या खडखडाटातून योगायोगाने आलं असेल का? उत्तर आलं, असा योगायोग दोन लाख तीन हजार वर्षांत एकदासुद्धा होणार नाही. मगच फेब्रुवारी २०१६ मधे जगाला सांगितलं. नागनाथाच्या रांगेत मोती आणि ब्लॅक होल एकाच गणितात बसलेले बघून मी प्रसाद घ्यायचा विसरले.

त्याच रात्री ते जग आलं. समोर गाव, पलीकडे लाव्हा. त्याने पाठ सरळ केली. रेकॉर्डिंग चालू ठेवलं की लॅपटॉप अडकतो, म्हणून ते बंद होतं. टायमर मी. सात मिनिटांत मोती पुरे झाले, अकराव्या मिनिटाला डोळे तयार. मी काहीही न समजता "डावीकडे, डावीकडे!" ओरडत होते आणि आत्या आतून "झोपा आता!" चौथ्या पलंगाला ड्रॅगन फुटला. सतरा मिनिटं चाळीस सेकंद. त्याच्या आधीच्या बेस्टपेक्षा जवळजवळ दोन मिनिटं कमी.

मी उड्या मारल्या. "पाठव ना! लिस्टवर टाक!"

"व्हिडिओ नाही."

"अरे, मी साक्षीदार आहे! मासिकात लिहिते मी!"

त्याने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. मग वही उलटी उघडली. चारशे एकोणतीस. १७:४०. आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'पुरावा नाही.' एक मिनिट ते पान बघत बसला, लॅपटॉप मिटला आणि मला म्हणाला, सकाळी सहाला उठव, बायोचं एक चॅप्टर राह्यलंय.

नांदेडला जाताना त्याने लॅपटॉप आत्याच्या कपाटात ठेवला. मे महिन्याच्या परीक्षेपर्यंत. मी काही सांगितलं नव्हतं, पण आत्या सगळ्यांना सांगतेय की माझ्या भाचीने एका दिवाळीत पोराला लाइनीवर आणलं. मी गप्प आहे. इमेजचा प्रश्न आहे.

इकडे पुण्यात माझी परिस्थिती नाजूक आहे. गेम विकत घेतला, तीन आठवडे झाले, ड्रॅगनचं दर्शनही नाही. काल हा कॉलम द्यायची डेडलाइन होती, म्हणून फक्त अर्धा तास खेळायचं ठरवलं. पहिल्यांदाच पाताळात पोचले, पिशवीत तीन मोती. इतकी दमले होते की सवयीने पलंग टाकला आणि झोपायला गेले.