विश्लेषण : लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेतील ‘छोटी छिद्रे’ काय सांगतात, काय लपवतात?

‘पाच-सहा छोटी छिद्रे आणि दोन-तीन दिवसांत घरी’ अशी लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेची जाहिरात आता सर्रास दिसते. यात खोटे काही नाही. पण ती वाचणाऱ्याच्या मनात ‘किरकोळ ऑपरेशन’ असे चित्र उभे राहते आणि गडबड तिथेच होते. लहान असते ती त्वचेवरची जखम. आतली शस्त्रक्रिया पूर्वी पोट उघडून होत असे, तेवढीच मोठी असते.

छिद्रे किती आणि कुठे?

साधारणपणे चार ते सहा. बहुतेक ५ मिलिमीटरची, तर एक-दोन १२ मिलिमीटरची, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत दुर्बीण बहुधा बेंबीतून घालतात, म्हणून इथेही तसेच असेल असे अनेकांना वाटते. पण लठ्ठ व्यक्तीची बेंबी पोटाबरोबर खाली ओघळलेली असते आणि जठर तर बरगड्यांच्या आड. त्यामुळे छिद्रे बेंबीच्या वर, पोटाच्या वरच्या भागात येतात. छातीच्या हाडाखाली एक बारीक छिद्र असते, त्यातून यकृत उचलून धरतात. काही वेळा निचऱ्याची नळी ठेवतात, तिची जागा यातच आली. ‘रोबोटिक’ म्हणजे याहून लहान छिद्रे, हाही गैरसमजच. रोबोटच्या हातांसाठी सहसा ८ मिलिमीटरची छिद्रे लागतात.

मग दुखते कुठे?

सर्वाधिक दुखते ते एकाच छिद्रापाशी. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून वेगळा करतात आणि तो याच छिद्रांपैकी एकातून बाहेर ओढतात. त्यासाठी ते थोडे रुंदावावे लागते, स्नायू ताणले जातात. उठताना, खोकताना नेमकी तिथेच कळ येते, बाकीची छिद्रे फारशी जाणवतही नाहीत. एका बाजूलाच दुखते म्हणजे काही तरी बिघडले, असे समजून अनेक जण घाबरतात. हे एक वाक्य आधी सांगितले गेले, तर ती भीती टळेल.

दुसरे दुखणे खांद्याचे. पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. तो पूर्ण निघत नाही आणि श्वासपटलाला टोचत राहतो. श्वासपटल आणि खांदा यांच्या नसा एकाच ठिकाणाहून येतात, म्हणून दुखते खांद्यात. एक-दोन दिवस, फार तर तीन. चालणे-फिरणे हाच त्यावर उतारा. पोटावर निळे-काळे डागही दिसतात. ते पुष्कळदा रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून दिलेल्या इंजेक्शनांचे असतात.

घरी काळजी काय घ्यावी?

बहुतेक शल्यचिकित्सक ४८ तासांनंतर अंघोळीला परवानगी देतात. जखमेवरून पाणी गेले तर चालते, ती घासायची नाही आणि टिपून कोरडी करायची. पोहणे काही आठवडे बंद. हळद, खोबरेल तेल, कुणी दिलेले मलम यांपैकी काहीही लावू नये. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा जखमेवर येणार नाही, हे पाहावे. चार ते सहा आठवडे भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, कडेवरचे मूल उचलायचे नाही. कारण त्वचा आठ-दहा दिवसांत मिटते, पण तिच्याखालचा स्नायूंचा चिवट पडदा नाही.

तो पडदा उघडा राहिला, तर १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या छिद्रातून आतड्याची घडी बाहेर येऊ शकते, म्हणजे हर्निया. लठ्ठ रुग्णात हा पडदा चरबीखाली खोल असतो, तो शिवणे अवघड जाते. फुगीर गाठ वरून दिसेलच असेही नाही. वजन उतरल्यावर ती लक्षात येते. त्यामुळे ‘मोठी छिद्रे आतून शिवणार का,’ हा प्रश्न रुग्णाने शस्त्रक्रियेआधी बिनधास्त विचारावा.

जखम भरली आणि पुन्हा फुटली तर?

आपल्याकडे हे विशेष सांगण्याची गरज आहे. जखम नीट भरते, टाके निघतात आणि तीन-चार आठवड्यांनी छिद्राच्या जागी गाठ येते, ती फुटून पाणी वाहू लागते. नेहमीच्या प्रतिजैविकांनी फरक पडत नाही. यामागे अनेकदा क्षयाच्या जंतूच्या कुळातले, पण पाण्यात-मातीत राहणारे जंतू असतात. दुर्बिणीची उपकरणे महाग आणि नाजूक, म्हणून ती पुन्हा पुन्हा वापरली जातात. दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळेत ती ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात २० मिनिटे बुडवून नळाच्या पाण्याने धुतली, तर हे जंतू उरतात. पूर्ण निर्जंतुकीकरणासाठी त्या द्रावणात साधारण १० तास लागतात, नाही तर ऑटोक्लेव्ह किंवा इथिलीन ऑक्साइड वायू. संसर्ग झाला की औषधे महिनोन्महिने घ्यावी लागतात. याला रुग्णाची ‘शुगर’ किंवा अस्वच्छता कारणीभूत ठरवून मोकळे होणे अन्यायाचे आहे. अशा जखमेतील स्राव योग्य तपासणीसाठी पाठवण्याचा आग्रह धरायलाच हवा.

व्रणांचे काय?

वर्षभरात ते फिकट होतात. काहींच्या त्वचेवर मात्र जाड, खाजरा व्रण उरतो. वजन ५०-६० किलोंनी उतरले, की सैल कातडीबरोबर व्रणही खाली सरकतात. ती कातडी काढायची ठरली, तर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंतचा व्रण येतो. ‘व्रण दिसणार नाहीत’ म्हणून तयार झालेल्यांना हे कुणी आधी सांगत नाही.

खरा धोका कुठे पाहायचा?

छिद्रांकडे नव्हे. स्लीव्हमध्ये जठराला स्टेपलची लांब शिवण असते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी करून तिला लहान आतडे जोडतात आणि आतड्याचा आणखी एक जोड खाली असतो. यांतून गळती क्वचितच होते, पण झाली तर जिवावर बेतते. पुष्कळदा ती रुग्ण घरी गेल्यानंतर कळते. त्या वेळी पोटावरच्या जखमा स्वच्छ, कोरड्या असतात. घरचे रोज ड्रेसिंग पाहतात आणि ‘सगळे छान आहे’ म्हणतात. लठ्ठ शरीरात पोट कडक होणे, दाबल्यावर दुखणे ही नेहमीची लक्षणेही झाकली जातात. सगळ्यात आधी वाढतात ते नाडीचे ठोके. विश्रांती घेऊनही ते मिनिटाला १२०च्या पुढेच राहिले, सोबत ताप, धाप, डाव्या खांद्यातले वाढते दुखणे किंवा नुसती अकारण बेचैनी असली, तरी त्याच रात्री रुग्णालय गाठावे, जवळच्या दवाखान्यात ‘गॅस’चे औषध घेत बसू नये.

डिस्चार्ज कार्डावर ड्रेसिंगची तारीख ठळक लिहिलेली असते. नाडी किती झाली की यायचे आणि रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा, हेही त्याच कार्डावर लिहून घेतल्याशिवाय नातेवाईकांनी रुग्णाला घरी नेऊ नये.