*मेसेज गेला म्हणजे मोटर चालू झाली असं नव्हे*



गव्हाच्या पाण्याचे दिवस आले की मोबाईल स्टार्टरच्या तक्रारी सुरू होतात. "ॲप चालत नाही", "बटण दाबून दाबून थकलो", "पेटीच बदलतो आता". आमचं मत स्पष्ट आहे: पेटी बदलण्याआधी सारखं बटण दाबायची सवय बदला.

मेसेजवर चालणाऱ्या पेटीचं काम साधं आहे. ॲपचं बटण दाबलं की आपल्या फोनवरून पेटीतल्या सिमला मेसेज जातो. आतलं बोर्ड तो वाचतं, नंबर नोंदवलेला आहे का बघतं आणि मग स्टार्टर चालू करतं. फोनवर 'सेंट' दिसलं म्हणजे मेसेज आपल्याकडून निघाला, एवढंच. मोटरचं काय झालं ते त्यात कळत नाही.

खरी गोची पुढे आहे. विहिरीवर रेंज नसली किंवा लाईट नसल्याने पेटी बंद असली, तरी मेसेज लगेच मरत नाही. तो सिम कंपनीकडे थांबतो आणि पेटी जागी झाली की पोचतो. कधी अर्ध्या तासाने, कधी रात्री. तोवर आपण चिडून सात-आठ वेळा चालू-बंद दाबलेलं असतं. ते सगळे मेसेज पाठोपाठ येऊन धडकतात. कॉन्टॅक्टर खटाखट वाजतो, मोटरवर ताण येतो. आणि नेमकं त्याच वेळी कुणी विहिरीवर केबल जोडत असेल तर? जळालेली मोटर भरून आणता येते, माणूस आणता येत नाही.

"लाईट मोजके तास, थांबायला कुणाला परवडतं?" असं म्हणाल. खरं आहे. पण दहादा दाबल्याने पाणी लवकर येत नाही. एकदाच दाबा, पेटीचं उत्तर येण्याची वाट बघा. दहा मिनिटांत आलं नाही तर या क्रमाने तपासा:

१) *लाईट:* तिन्ही फेज आहेत का? एक फेज गेली असेल तर पेटी मुद्दाम मोटर चालू करत नाही. ते संरक्षण आहे, बायपास करू नका.

२) *सिम:* पेटीच्या नंबरवर फोन लावा. (मिस्ड कॉलवर चालणारी पेटी असेल तर लावू नका.) रिंग गेली तर सिम रेंजमध्ये आहे. 'बंद आहे' ऐकू आलं तर लाईट, रेंज आणि रिचार्ज बघा. पेटीला डेटा पॅक लागत नाही. २०२५ पासून फक्त कॉल-मेसेजचे पॅक मिळतात, तेवढं पुरतं. पेटी जुनी २जी असेल तर जिओचं सिम त्यात चालत नाही, कारण जिओला २जी नेटवर्कच नाही.

३) *सिम भरलंय का:* सिमवर थोडेच मेसेज मावतात. जाहिरातींनी जागा भरली की नवीन मेसेज आत येत नाही. मेन बंद करून सिम काढा, साध्या फोनमध्ये घालून जुने मेसेज पुसा. १९०९ वर जाहिराती बंद करायची नोंद करून ठेवा.

४) *आपला फोन:* फोन नवीन घेतला असेल तर ॲपला मेसेज पाठवायची परवानगी दिली का? दोन सिम असतील तर नोंदवलेल्या नंबरवरूनच मेसेज जातोय ना? खात्री करायची सोपी युक्ती: पेटीच्या माहितीपत्रकातला मेसेज हाताने टाईप करून पाठवा. त्याने मोटर चालू झाली तर दोष ॲपचा किंवा फोनच्या सेटिंगचा. नाही झाली तर पेटीकडे वळा.

⚠️ *हात घालण्याआधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा.* फोनवरून 'बंद' केलं म्हणजे लाईट तुटली असं समजू नका. घरात दोघा-तिघांच्या फोनवर ॲप असेल तर सगळ्यांना आधी सांगा.

नवीन पेटी घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. मोटर खरंच चालू झाली की नाही ते बघून पेटी उत्तर पाठवते का? उशिरा पोचलेला जुना मेसेज नाकारते का? प्रत्येक मेसेजवर वेळ असते, त्यामुळे हे करता येतं. आणि लाईट आल्यावर आपोआप चालू होणं बंद ठेवता येतं का? यातलं पहिलं नसेल तर पेटी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. एकत्र खरेदी करतानाही सभासदांनी हाच आग्रह धरावा, असं आम्हाला वाटतं.

घरी बसून मोटर चालवायची सोय चांगलीच आहे. फक्त उत्तर आल्याशिवाय मोटर चालू झाली असं धरू नका, आणि फ्यूज काढल्याशिवाय ती बंद आहे असंही धरू नका.

– सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी
(घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा)